क्रुगरमध्ये सिंह शोधायचाय? आधी जिराफाकडे बघा

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये आपली आपण गाडी चालवत फिरता येतं, सोबत गाइड नाही की जीप नाही, हे अजूनही बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. पण येतं! जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचं जंगल, उत्तर-दक्षिण साधारण ३६० किलोमीटर लांब, आणि मधून चक्क डांबरी रस्ते. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची, डांबरीवर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० ची मर्यादा, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून अजिबात उतरायचं नाही. खरं सांगते, ५० सुद्धा खूप आहे. नवरा तीसच्या वर जातच नव्हता आणि आम्हाला जे काय दिसलं ते त्यामुळेच दिसलं असं माझं ठाम मत आहे.

आम्ही गेलो जुलैमध्ये. तिकडे तेव्हा हिवाळा, पाऊस नाही, गवत वाळलेलं, झाडांची पानं बरीचशी गळलेली, त्यामुळे नजर आतपर्यंत जाते, आणि पाणी थोड्याच ठिकाणी उरलेलं असतं म्हणून प्राणी तिथे येतातच येतात. पहाटे मात्र कडाक्याची थंडी. कॅम्पचं गेट सहाला उघडतं पण त्याआधीच गाड्यांची रांग लागलेली असते. आई (सासूबाई) शाल गुंडाळून पुढच्या सीटवर, मुलं मागे दोन्ही खिडक्यांना आणि मधे मी नकाशा घेऊन, अशी आमची बसायची पद्धत ठरून गेली होती.

लोअर साबी कॅम्पजवळ सनसेट डॅम आहे, तिथे गाडीतूनच पाणघोडे आणि मगरी दिसतात, लहान मुलं असतील तर सुरुवात तिथूनच करा.

आता मुद्द्याचं. इम्पाला, म्हणजे तिकडचे हरणासारखे प्राणी, इतके दिसतात, इतके दिसतात की थोड्या वेळाने कोणी मानसुद्धा वळवत नाही, सगळ्यांना सिंह हवा असतो. पण सिंह कुठे आहे ते तुम्हाला इम्पालाच सांगणार. कळप माना खाली घालून निवांत चरत असेल तर बहुतेक आसपास काही नाही. पण सगळे चरायचं सोडून एकाच दिशेला बघत उभे असतील, आणि मधेच नाकातून जोरात फुर्रकन आवाज काढत असतील, तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि ते बघतायत तिकडे बघा.

आमच्या बाबतीत हे काम जिराफांनी केलं. साटारा कॅम्पच्या बाजूला एस १०० नावाचा कच्चा रस्ता आहे, सिंहांसाठी प्रसिद्ध. तिथे काही जिराफ उभे होते, मुलांनी फोटो काढले, आम्ही निघणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "अरे थांब जरा, ही खात का नाहीयेत?" खरंच की! बाभळीसारखी काटेरी झाडं समोर असून एकही तोंड लावत नव्हता, सगळ्यांच्या माना उजवीकडे वळलेल्या. थांबलो. बराच वेळ काही नाही, मुलगा कंटाळला, मागून येणाऱ्या गाड्या दोन मिनिटं थांबून पुढे गेल्या, आणि मग मुलगी एकदम कुजबुजली, "आई, गवतात काहीतरी काळं हललं." तो सिंहिणीचा कान होता! सिंहाच्या कानाची मागची बाजू काळी असते, बाकी अख्खं अंग गवतात मिसळून जातं पण तेवढा काळा ठिपका दिसतो. एक कान सापडल्यावर दुसरा सापडला, मग तिसरा, आणि जिथे मघाशी नुसतं गवत होतं तिथे अख्खा कळप पसरलेला. एकीने डोकं वर काढून थेट आमच्याकडे बघितलं, दुर्बिणीतून तिच्या मिशांच्या मुळाशी असलेल्या काळ्या ठिपक्यांच्या ओळीसुद्धा दिसत होत्या. अभ्यासक त्या ठिपक्यांवरून एकेक सिंह ओळखतात. आईंना दुर्बीण दिली तर त्यांनी ती परतच केली नाही, आणि का करावी, शोध त्यांचाच होता.

अजून एक सांगते. रस्त्याखालच्या मोऱ्यांकडे लक्ष ठेवा, तिथे तरसं पिल्लं वाढवतात. आम्हाला सकाळच्या उन्हात एक पिल्लू दिसलं, गडद तपकिरी, अंगावर अजून ठिपके उमटले नव्हते, गाडीच्या टायरचा वास घेऊन परत आत पळालं. तरसाला उगाच बदनाम केलंय लोकांनी, हे ठिपकेवाले तरस स्वतः शिकार करतात आणि त्यांच्या कळपात सत्ता माद्यांची असते.

हत्तींशी मात्र शहाणपणाने वागा. कळपाला रस्ता ओलांडू द्या, पिल्लू आणि आईच्या मधे गाडी घालू नका, कान फाकवून डोकं हलवायला लागला की हळूहळू मागे घ्या.

बिग फाइव्हच्या मागे लागू नका असं मला मनापासून वाटतं. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस ही यादी शिकाऱ्यांची, पायी शिकार करायला जे अवघड आणि धोकादायक ते त्यात आले. त्यात रानकुत्रे नाहीत, जिराफ नाही, शेणाचा गोळा ढकलत रस्ता ओलांडणारा किडा नाही, आणि आपल्या नीलपंखाचा तो जांभळ्या छातीचा भाऊबंदही नाही, जो उडाला की मुलं प्रत्येक वेळी ओरडायची.

कॅम्पमध्ये एक फळा असतो, कोणाला कुठे काय दिसलं त्याच्या रंगीत खुणा त्यावर लावलेल्या असतात, रात्री जेवायच्या आधी तो बघून दुसऱ्या दिवसाचा रस्ता ठरवायचा. गेंड्याची जागा मात्र तिथे कोणी सांगत नाही, कारण शिंगासाठी अजूनही चोरटी शिकार चालते, त्यापायी पार्कवाले बऱ्याच गेंड्यांची शिंगं स्वतःच कापून टाकतात. आम्हाला शिंग कापलेली मादी आणि तिचं पिल्लू दिसलं. फोटो काढले, पण ते कुठे दिसले हे मी इथे लिहिणार नाही, आणि तुम्हाला दिसले तर फोटो टाकायच्या आधी फोनमधलं लोकेशन बंद करा प्लीज.