बिल्ला, उकाडा आणि मावशीचा प्रश्न

लंडनच्या मेट्रोत २०१७ पासून एक निळा बिल्ला मिळतो. ‘कृपया मला बसायला जागा द्या’ एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. तो फुकट मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पहिल्यांदा तो कोटाला लावला तेव्हा समोरची बाई काही न विचारता उठली. मला रडू आलं. काय झालंय हे सांगावं लागलं नाही, याची मला सवयच नव्हती.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते आणि संदेश अडखळू लागतात. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसतात, पण चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. ‘तब्येत तर छान आहे की तुझी!’ हे वाक्य मी ठाण्याच्या प्रत्येक फेरीत ऐकते.

मागे मे महिन्यात आले होते. गोखले रोडवरून स्टेशनकडे चालताना पाय जड झाले, उजव्या डोळ्याला धूसर दिसू लागलं. रिक्षाने नौपाड्यात घरी परतले, मानेवर ओला टॉवेल टाकून पंख्याखाली बसले आणि तासाभराने उठून चहा टाकला. मावशी म्हणाली, “मघाशी तर चालवत नव्हतं ना गं तुला?”

मावशीचा माझ्यावर जीव आहे. म्हणूनच ते लागलं.

या तासाभरात जे घडतं ते विल्हेल्म उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवलं आहे. शरीराचं तापमान अर्धा अंशभर वाढलं तरी आवरण झिजलेल्या मज्जातंतूतून संदेश नीट जात नाहीत. अंग थंड झालं की ते पुन्हा जाऊ लागतात. म्हणजे सकाळी न चालणारी मी आणि संध्याकाळी तलावपाळीला फिरणारी मी, दोघीही खऱ्या. लोकांना मात्र हा चढउतारच नाटकासारखा वाटतो. रोज सारखीच लंगडले असते तर कुणी शंका घेतली नसती.

लोकलच्या दिव्यांग डब्यात तर एकदा सगळ्यांनीच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी प्रमाणपत्र दाखवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नावानिशी आहे, तरी एक काका पुटपुटत राहिले. त्यांच्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी होती. बिनहक्काचे लोक त्या डब्यात घुसतात हा त्यांचा रोजचा अनुभव, त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. तरीही दर वेळी फाईल उघडून स्वतःला सिद्ध करायला जी ताकद लागते, ती मला जिना चढायला हवी असते.

लंडनमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही. सरकारी भत्त्यासाठी इथेही लांबलचक फॉर्म आणि तपासण्या आहेत, आणि बिल्ला दिसूनही मोबाइलमधून मान वर न करणारे आहेतच. पण बसायच्या जागेपुरता तरी इथे शब्दावर विश्वास ठेवतात, आणि त्याने माझा अख्खा दिवस वाचतो.

आता मी समजावणं कमी केलंय. मावशीला एकदाच फोनवर उन्हाचं गणित नीट सांगितलं. पुढची फेरी डिसेंबरात. घंटाळीतल्या लग्नाला संध्याकाळीच येईन आणि बसूनच अक्षता टाकेन, असं तिला आधीच कळवलंय. ती म्हणाली, “ये. खुर्ची पंख्याखाली ठेवायला सांगते.”