30 मीटरवर 50 बार पुरत नाहीत

स्कूबा डाइव्हिंगच्या सहलीच्या माहितीपत्रकावर ‘सर्व डाइव्हसाठी परिपूर्ण किट’ असं छापलेलं. बोटीवर मिळालं ते पाचही दिवस एकच: 11.1 लिटरची ॲल्युमिनियम टाकी, जेमतेम मीटरभर होजचा (नळीचा) ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीचा जादा रेग्युलेटर (तोंडात धरायचं श्वासयंत्र), 3 मिमीचा सूट, आणि रोज ब्रीफिंगला तेच वाक्य, ‘50 बार उरले की वर या’ (बार म्हणजे दाबाचं माप, इथे टाकीतल्या हवेच्या). टॉर्च आणि डीएसएमबी (पाण्याखालून फुगवून वर सोडायचा खुणेचा फुगा) मागितले तर त्यांचं भाडं वेगळं. मग ‘परिपूर्ण’ कशाला म्हणायचं?

पहिले तीन दिवस 12 मीटरवरच्या प्रवाळाचे. तिथे हे किट चालून जातं, पुढे नाही. चौथ्या दिवशी 30 मीटरवरचं बुडालेलं जहाज आणि शिवाय प्रवाहाची चांगलीच ओढ. खरी गोची तिथे.

हिशोब उतरण्याआधी पाटीवर मांडा. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला 30 लिटर तरी ओढतो. बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली तर एका टाकीवर दोघं, म्हणजे 60. 30 मीटरवर दाब 4 बार, हवाही चौपट लागते, म्हणून मिनिटाला 240. सावरायला एक मिनिट: 240 लिटर. मिनिटाला 9 मीटरच्या वेगाने 5 मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार: 495. तिथे 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा): 270. बेरीज 1005 लिटर, या टाकीत 90 बार. 50 वर निघालात आणि तेव्हाच बडीची हवा संपली, तर 15 मीटरच्या आसपास टाकी रिकामी. हेच गणित 12 मीटरवरून केलं तर 46 बार येतात. म्हणजे 50 चा नियम खोटा नाही, उथळ पाण्यापुरता आहे.

200 बारने सुरुवात केली तर वापरायला 110 उरतात. उतरलात त्याच दोरीपाशी परत यायचं असेल तर निम्मे जाताना, निम्मे येताना, म्हणजे 145 ला वळा. शांत श्वास 20 लिटरचा धरला तरी तळावर फार तर पंधरा मिनिटं. 15 लिटरची स्टीलची टाकी मिळत असेल तर भांडून घ्या. राखीव 67 बारवर येते. मात्र पट्ट्यातली वजनं तेवढीच ठेवू नका. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की तरंगायला लागते, स्टीलची सहसा नाही. वजन तपासायचं ते 50 बार उरलेल्या टाकीवर, सूट बदलला तर पुन्हा.

मीटरभराच्या होजवर दोघांना खांद्याला खांदा लावून पोहावं लागतं. जहाजाच्या दारातून तसं जाता येत नाही. एकामागे एक जायला 2.1 मीटरची होज हवी. ती नसेल तर आत शिरू नका, बाहेरून बघा. उथळ प्रवाळावर तीच लांब होज नवख्याला नुसती अडगळ.

डीएसएमबी मात्र ओढीच्या पाण्यात प्रत्येकाकडे हवा, जोडीत एक नव्हे. लाटांमध्ये 1.2 मीटरचा दिसत नाही, 1.8 चा घ्या. फुगवताना स्पूल (त्याच्या दोरीची रीळ) बीसीडीला, म्हणजे अंगातल्या हवेच्या जाकिटाला, अडकवलेला नसावा; दोरी अडकली तर तुम्हीही त्याच्यासोबत वर जाल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही डाइव्हला बदलू नका: मांडणी. बडीला कुठला रेग्युलेटर द्यायचा, गेज कुठे, वजनं कुठल्या हाताने सोडायची, हे 5 मीटरवर असेल तेच 30 वर. टाकी, होज, राखीव हवा बदला. हाताची सवय नको. बोटीवर नेमकं उलट चालतं. आकडे सगळ्यांना एकच, आणि भाड्याच्या बीसीडीत वजनाचे कप्पे रोज वेगळे. शक्य असेल तर स्वतःचा बीसीडी आणि रेग्युलेटर न्या, टाकी फक्त त्यांची.

आणि जहाजाचा डाइव्ह दिवसातला पहिला मागा. दोन डाइव्ह झाल्यावर दुपारी लावला तर सरळ नाही म्हणा आणि डेकवर ताणून द्या.