मशीन फक्त पल्स मोजतं

ठाण्यात वागळे इस्टेटच्या गाळ्यात व्हीएमसी (धातू कापणारं कारखान्यातलं सीएनसी मशीन) चालवणारा आणि नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या ऑफिसात कोड लिहिणारा, दोघांनी घरी छोटं सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने कापणारं मशीन) जोडायला घेतलं तर दोघे वेगवेगळ्या जागी अडकतात. पहिल्याला जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) पाठ असतो, झीरो घेणं (मापाची सुरुवात ठरवणं) हाताला बसलेलं असतं, पण मोटरच्या चार वायरी समोर आल्या की गाडी थांबते. दुसरा फर्मवेअर (बोर्डवरचा प्रोग्राम) पाच मिनिटांत चढवतो आणि कपलिंगचा (मोटरचा शाफ्ट स्क्रूला जोडणाऱ्या तुकड्याचा) ग्रब स्क्रू, म्हणजे आवळायचा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, ढिला ठेवतो.

दोघांनीही आधी एक फरक समजून घ्यावा. कारखान्यातल्या व्हीएमसीला सर्व्हो मोटर असते, तिला एन्कोडर (मोटर खरंच किती फिरली ते कळवणारा भाग) असतो. टेबल सांगितल्या जागी पोचलं नाही तर कंट्रोलर अलार्म देऊन थांबतो. घरच्या मशीनवर स्टेपर (ठरावीक छोट्या स्टेपने फिरणारी मोटर) असते आणि बहुतेक वेळा एन्कोडर नसतो. कंट्रोलर पल्स (विजेचे छोटे ठोके) पाठवतो आणि पाठवलेल्या पल्स मोजतो, बस. मोटर अडून घरघरत असली तरी स्क्रीनवरचे आकडे खुशाल पुढे सरकत राहतात.

शिकायला लागणारं सामान थोडं आहे: आर्डुइनो उनो (कंट्रोलरचा छोटा बोर्ड), त्यावर बसणारं सीएनसी शील्ड (जोडण्यांचा बोर्ड), ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा छोटा बोर्ड), नेमा १७ मापाची स्टेपर मोटर, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि जीआरबीएल हे फुकट फर्मवेअर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. पूर्ण मशीन लगेच जोडू नका. एक मोटर, एक लीड स्क्रू (फिरला की नट पुढे सरकवणारा आट्यांचा रॉड), एक नट टेबलावर मांडून आधी हालचालीची एकच दिशा, म्हणजे एकच अ‍ॅक्सिस हलवा.

ड्रायव्हर शील्डवर उलटा बसला तर वीज देताच जळतो. ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ (दुसरा ड्रायव्हर) यांचे करंट ठरवणारे छोटे स्क्रू विरुद्ध टोकांना असतात, त्यामुळे स्क्रू पाहून दिशा ठरवू नका. ड्रायव्हरवरची ‘ईएन’ खूण शील्डवरच्या ‘ईएन’शी जुळवा. वीज चालू असताना मोटरची वायर काढू-घालू नका, त्यानेही ड्रायव्हर मरतो. मोटरच्या चार वायरींतल्या जोड्या मल्टिमीटरने शोधायच्या. मीटर नसेल तर दोन वायरी एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवा, जड लागला तर ती एक जोडी. जोड्या चुकल्या की मोटर फिरायच्या ऐवजी जागच्या जागी थरथरते.

मग करंट. तो त्याच छोट्या स्क्रूने ठरतो, स्क्रू फिरवून मीटरवर व्हीरेफ हा व्होल्टेज जुळवायचा. ए४९८८ साठी हिशोब असा: व्हीरेफ = करंट × ८ × सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर). ड्रायव्हरवरच्या त्या बारीक रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल तर तो ०.१ ओहम, म्हणजे १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट. आर०५० असेल तर त्याच १ अँपिअरला ०.४ व्होल्ट. नेटवरचा आकडा तसाच उचलणारे इथेच दुप्पट करंट देऊन बसतात. हीटसिंक चिकटवा, वर छोटा पंखा लावा.

आता आकडेमोड. १.८ अंशांची मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेते. शील्डवर ड्रायव्हरखालचे तिन्ही जंपर लावले की ए४९८८ वर १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग), म्हणजे फेऱ्याला ३,२०० पल्स. बाजारातला टी८ लीड स्क्रू बहुधा चार स्टार्टचा (शेजारी-शेजारी चार आटे असलेला) असतो: पिच (दोन आट्यांतलं अंतर) २ मिमी, पण एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो, हे त्याचं लीड. म्हणून ३,२०० ÷ ८ = ४०० पल्स प्रति मिमी. हाच आकडा जीआरबीएलच्या डॉलर-१०० ($100) या सेटिंगमध्ये जातो. पिचलाच लीड समजलात तर १,६०० भराल आणि मशीन चौपट अंतर जाईल.

जीआरबीएल उनोवर सेकंदाला जास्तीत जास्त ३०,००० पल्स देतं. ४०० ने भागा: ७५ मिमी प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला ४,५०० मिमी. ही कागदावरची मर्यादा. प्रत्यक्षात वेग वाढला की स्टेपरचा जोर कमी होतो, त्यामुळे मोटर त्याच्या बरीच आधी हात टेकते. १२ ऐवजी २४ व्होल्ट घ्यायचे ते यासाठीच. डॉलर-११० (कमाल वेग) ५०० आणि डॉलर-१२० (अ‍ॅक्सिलरेशन) १० हे मूळ आकडे सुरुवातीला तसेच ठेवा. नंतर एका वेळी एकच वाढवा, मोटर अडखळली की तिथून पाव भाग कमी करा.

पहिली हालचाल अशी: जी२१ (मापं मिमीत), जी९१ (आहे तिथून पुढे मोजायचं), मग जी१ एक्स५० एफ३०० (एक्स दिशेने ५० मिमी, वेग मिनिटाला ३०० मिमी). (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे.) एफ विसरलात तर एरर २२ येते. जी२१ विसरलात आणि कंट्रोलर इंचात असेल तर ५० मिमीच्या जागी ५० इंच! छोट्या मशीनचं टेबल सरळ टोकाला जाऊन आदळतं.

तिन्ही अ‍ॅक्सिस जोडून झाले की स्पिंडलच्या (टूल फिरवणाऱ्या मोटरच्या) जागी बॉलपेन बांधा. टूल मोडायला नको आणि चूक कागदावर दिसते. ५० मिमीचा चौकोन, १०० मिमीचा चौकोन आणि २० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढून व्हर्नियरने मोजा. ५० चा ४९.२ आणि १०० चा ९८.४ आला तर चूक प्रमाणात आहे, म्हणजे पल्स प्रति मिमीचा आकडा चुकलाय. दोन्हीकडे तेवढीच ०.२ ची तूट असेल तर तो प्ले, म्हणजे बॅकलॅश: नट आणि स्क्रूमधला ढिलेपणा. वर्तुळाला घड्याळातल्या ३, ६, ९, १२ च्या जागी चपटे भाग दिसतात तेही प्लेमुळेच, कारण तिथे एकेक अ‍ॅक्सिस दिशा बदलतो. मूळ जीआरबीएलमध्ये प्ले भरून काढायची सोय नाही. स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट लावा. लीड स्क्रूच्या मशीनवर ४०० चं ४०५.७ करून प्ले लपवण्याची पद्धत मला तरी साफ चुकीची वाटते: एका लांबीला माप जुळतं, बाकी सगळ्या बिघडतात.

तिसरा प्रकार सगळ्यात त्रासाचा. तोच चौकोन वीस वेळा गिरवायला लावा. रेघ हळूहळू एका बाजूला सरकत गेली तर एक तर स्टेप सुटतायत किंवा ग्रब स्क्रू घसरतोय. शाफ्ट आणि कपलिंगवर मार्करने एक सलग रेघ मारा. रेघ तुटली तर ग्रब स्क्रू. तो शाफ्टच्या सपाट बाजूवरच आवळायचा. रेघ शाबूत असेल तर स्टेप सुटतायत, आणि कधी सुटतात ते बघायचं. निघताना सुटत असतील तर अ‍ॅक्सिलरेशन जास्त आहे. नेहमी एकाच जागी सुटत असतील तर तिथे यंत्रणा अडते: वीज बंद करा, स्क्रू बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, टेबल ज्यावर सरकतं तो रॉड समांतर नसेल तर हाताला लगेच कळतं. वीस मिनिटं नीट चालून मग सुटत असतील तर ड्रायव्हर तापून क्षणभर बंद पडतोय. मोटरही चांगलीच तापते, म्हणून तिचा माउंट थ्रीडी प्रिंटरवरच्या पीएलएचा नको. साधारण ६० अंशांना तो मऊ पडतो.

डॉलर-१ मध्ये २५ हा मूळ आकडा असतो: हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटर सैल सुटते. चार स्टार्टच्या स्क्रूवर स्पिंडलच्या वजनाने झेड (वर-खाली जाणारा भाग) खाली घसरू शकतो, आणि कंट्रोलरला त्याचा पत्ता नसतो. तिथे २५५ ठेवा, मोटर कायम धरून राहते.

वीज गेली की मशीन आपली जागा विसरतं, म्हणून होमिंग (सुरुवातीला टोकाच्या स्विचपर्यंत जाऊन जागा ठरवणं) हवंच. लिमिट स्विच (टोकाचा स्विच) एनसी, म्हणजे एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा, अशा पद्धतीने जोडा आणि डॉलर-५ मध्ये १ भरा, वायर तुटली तरी कळतं. शील्डवर एक सापळा आहे: जीआरबीएल १.१ मध्ये झेडचा लिमिट स्विच ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या पिनवर लागतो, छापील नावाला फसू नका. स्पिंडल सुरू होताच विनाकारण अलार्म १ (लिमिट स्विच दाबला गेल्याचा इशारा) येत असेल तर स्विचच्या वायरीत नॉइज शिरतोय. त्या वायरी मोटर आणि स्पिंडलच्या वायरींपासून दूर न्या, शील्डेड केबल वापरून तिची जाळी एकाच टोकाला अर्थ करा, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. घरातल्या प्लगला खरंच अर्थिंग आहे का तेही तपासून घ्या.

खाडीकाठच्या आपल्या हवेत जूनपासून उघड्या रॉडवर तांबूस ठिपके दिसू लागतात, आणि लिनिअर बेअरिंग त्यावरून गेलं की रॉडवर चर पडतात. पावसाळ्यात दर आठवड्याला रॉड कोरड्या फडक्याने पुसून हलकं मशीन ऑइल लावा. एमडीएफ (लाकडी भुशाचा दाबलेला बोर्ड) कापल्यावर मात्र आधी भुसा काढा, मग तेल. भुसा तेलात मिसळला की त्याची पेस्ट होते आणि नट जड फिरू लागतो.