पुढच्या शॉकअपमधली खटखट नेमकी कुठली?

मोटरसायकल पेव्हर ब्लॉकवरून किंवा गतिरोधकावरून जाताना पुढून 'खट्' आवाज आला की गॅरेजमधलं निदान बहुतेक वेळा ठरलेलं असतं: कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा संच) ढिला झालाय, टाइट करून देतो. कधी ते बरोबर निघतंही. पण फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे, नळे आवाज थेट हँडलपर्यंत पोचवतात, त्यामुळे खाली कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) वाजणारा ब्रेक पॅडही हँडलखालीच वाजल्यासारखा वाटतो. कानावर विसंबून पार्ट बदलले तर पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

डिस्क ब्रेकची गाडी असेल तर आधी एक फुकटची चाचणी करा. खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना पुढचा ब्रेक पॅड जेमतेम टेकतील इतकाच दाबा. आवाज तेव्हाच थांबला तर संशय कॅलिपरवर घ्या. पॅड घट्ट धरणारी पातळ स्प्रिंगपट्टी बसवायची राहिलेली असते, नाहीतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना कोरड्या पडून झिजलेल्या असतात. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या खुंटीत नीट बसली आहे का ते बघा. ती सुटलेली असेल तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जॅम होऊ शकतं. पंक्चर काढून चाक परत बसवल्यावर हे तपासलंच पाहिजे. मडगार्ड, हॉर्न आणि हेडलाइटचे बोल्टही याच वेळी हाताने हलवून बघा.

आवाज तरीही असेल तर गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागे एकाला बसवून पुढचं चाक अधांतरी करा. मेन स्टँड नसेल तर इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा. चाक वर-खाली धरून तिरकं हलवा. हबपाशीच (चाकाच्या मधल्या भागापाशी) ढिलाई जाणवली तर चाकाचं बेअरिंग गेलेलं आहे. मग एका हाताने फोर्कचं खालचं टोक धरून पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट खालचा टी (दोन्ही नळे धरणारी आडवी पट्टी) आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीवर ठेवा. तिथे हालचाल लागली तर दोष कोनसेटचा. ती फट शांत असेल आणि डस्ट सीलपाशी (धूळ अडवणाऱ्या रबरी कडीपाशी) नळी खालच्या आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या जाड नळीत, डुगडुगत असेल तर बुश (नळीला आधार देणाऱ्या आतल्या कड्या) झिजले आहेत. अनेक लहान गाड्यांच्या फोर्कमध्ये वेगळे बुश नसतातच, तिथे झिजलेला आउटर किंवा पाइपच बदलावा लागतो.

कोनसेट आवळण्याआधी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधोमध किंचित अडकून बसत असेल तर रेसमध्ये (बेअरिंगच्या गोळ्या ज्या कड्यांत फिरतात त्यांत) गोळ्यांचे खड्डे पडलेले आहेत. अशा वेळी टाइट करून काही साधत नाही, पूर्ण सेट बदलावा लागतो. खालची रेस लवकर जाते, कारण पावसाळ्यात चाकाने उडवलेलं पाणी तिथलं ग्रीस धुऊन नेतं. सेट चांगला असेल तर वरचा मोठा नट सैल करून त्याखालचा रिंग नट हुक पान्याने थोडा थोडा आवळा. ढिलाई जावी, पण हँडल मधून जरा ढकलल्यावर आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे. वरचा नट आवळल्यावर सेटिंग बदलतं, म्हणून पुन्हा तपासा. जास्त आवळलेल्या कोनसेटने गाडी सरळ रस्त्यावरही डुलत चालते. खटखटीपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे.

आवाज फक्त गतिरोधक ओलांडून चाक खाली सुटताना येत असेल तर फोर्कमधलं ऑइल कमी असण्याची शक्यता जास्त. ब्रेक न दाबता हँडलवर वजन टाकून सोडा: ऑइल पुरेसं असेल तर फोर्क दमाने वर येतो, कमी असेल तर उसळून ठक्कन थांबतो. फोर्कच्या बुडाशी ओलसर असेल तर तिथला ॲलन बोल्ट आणि त्याचा वॉशर बघा. तो बोल्ट सैल झाला तरी आत ठोके बसतात. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, फोर्कच्या दोन्ही पायांत (नळ्यांत) सारखं आणि मापाच्या भांड्याने मोजून भरा. जुनं ऑइलही पायागणिक मोजा, कमी निघालेल्या पायाचं सील बदला. अंदाजाने जास्त भरलं तर आतली हवेची जागा कमी होते, फोर्क दगडासारखा कडक होतो आणि सील फुटतं.

चाक चढवताना एक्सलचा नट आधी आवळा, पण फोर्कच्या टोकाशी एक्सल धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सैलच ठेवा. गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय समांतर बसतील, आणि मगच तो बोल्ट आवळा.