आठ कलमं, तीन भाऊ

अमृतमहोत्सवाचं पत्र ग्रुपवर आलं आणि कमिटीने सांगितलं शाळेच्या आठवणी लिही, पण खरं सांगू का, मला शाळा म्हटलं की केमिस्ट्रीचे सरच आठवतात, बाकी गॅदरिंग, स्पोर्ट्स वगैरे इतर लोक लिहितीलच. कोणते सर ते रत्नागिरीत कोणाला सांगायला नको.

अकरावीत ऑक्सिडेशन नंबर आला, म्हणजे संयुगात कुठल्या अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले त्याचा हिशेब, आणि अर्धा वर्ग गार. ऑक्सिजन बहुतेक वेळा -2, हायड्रोजन +1, सगळ्यांची बेरीज शून्य, इथपर्यंत ठीक होतं. मग एके दिवशी सर मांडवीची काळी वाळू पुडीत बांधून घेऊन आले. कागदावर पसरली, खालून लोहचुंबक फिरवलं तशी वाळूतले काळे कण उभे राहून चालायला लागले. मागच्या बाकावरचेसुद्धा टेबलापाशी येऊन वाकले. सर म्हणाले हे मॅग्नेटाइट, तीन लोखंड, चार ऑक्सिजन, काढा लोखंडाचा नंबर. ऑक्सिजनचे -8, म्हणजे तिघांत मिळून +8, उत्तर आलं 8/3. अपूर्णांक! आम्हाला वाटलं गणित चुकलं, सगळे खोडरबर शोधायला लागले.

सर म्हणाले, "अरे मेल्यांनो, बरोबर आहे ते. आठ हापूसची कलमं, तीन भाऊ. कागदावर वाटणी आठ भागिले तीन, पण म्हणून कलम उभं चिरणार काय? एकाला दोन, दोघांना तीन-तीन. 8/3 ही नुसती सरासरी."

मागून एकजण ओरडला, "सर, दोनवाला कोर्टात जाईल!" सर स्वतःच इतके हसले की तास तिथेच संपला. (ओरडणारा आता खरंच वकील आहे, जमिनीच्याच केसेस बघतो.)

पुढे मी लोट्याच्या एमआयडीसीत लागलो, आज इटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, माझ्याकडे आहे. आमच्या सांडपाण्यात क्रोमियम येतं, ते +6 मध्ये असलं तर विषारी, कॅन्सर करणारं, म्हणून अ‍ॅसिड टाकून पीएच दोन-तीनवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, पिवळं-केशरी पाणी हिरवं झालं की समजायचं +3 झालं, मग चुना घालून ते खाली बसवायचं. नवीन पोरं आली की आधी पोटॅशियम डायक्रोमेट लिहून देतो. सात ऑक्सिजनचे -14, दोन पोटॅशियमचे +2, उरले 12 ते दोन क्रोमियमचे, म्हणजे एकाला +6. डिग्रीवाले पण अडकतात, आणि मला सरांचा अभिमान वाटतो.

आता लॅबवरची कौलं जाऊन स्लॅब पडलाय, स्मार्टबोर्ड आलाय. चांगलंच आहे. पण माझा भाचा त्याच वर्गात आहे, क्लासची ट्रिक लावून हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या ऑक्सिजनला धाडकन -2 म्हणाला. बेरीज कर म्हटलं तर वैतागला. दोन हायड्रोजनचे +2, मग दोन ऑक्सिजनचे मिळून -2, म्हणजे एकाला -1 एवढंच, पण पडवीत बसवून दोनदा करून घ्यावं लागलं.

सर सध्या मुलाकडे पुण्याला असतात असं कळलं. कार्यक्रमाला त्यांना आणायचं काम आमच्या बॅचकडे द्या, गाडी माझी, आणि घाटात त्यांना गाडी लागते म्हणून पुढची सीट त्यांचीच.