काउंटरजवळची रेंज

दारू सोडलेल्या माणसाचे प्रवासाचे सामान वरून पाहिले तर चारचौघांसारखेच असते, परंतु निघण्याच्या आदल्या रात्री मी जी तयारी करतो ती बायकोखेरीज कुणाच्या ध्यानात येत नाही. रिचार्जची मुदत प्रवासात संपणार तर नाही ना, हे पाहायचे. पॉवर बँक रात्रभर चार्जिंगला लावायची. आणि रोज रात्री साडेआठला भरणाऱ्या ऑनलाइन मीटिंगची लिंक स्वतःलाच पुन्हा एकदा पाठवून ठेवायची. चार वर्षांपूर्वीपर्यंत याच निगुतीने मी बाटली टॉवेलमध्ये गुंडाळत असे, त्यामुळे काळजीपूर्वक बॅग भरण्याची सवय तशी जुनीच आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या आमच्या मीटिंगा एरवी शाळेच्या एखाद्या वर्गात किंवा चर्चच्या मागच्या खोलीत भरतात. २०२० च्या टाळेबंदीत त्या झूमवर गेल्या आणि पुढे वर्ग उघडले तरी काही झूमवरच राहिल्या, ही माझ्यासारख्या फिरतीवरच्या माणसाची मोठीच सोय झाली. गाव कोणतेही असो, साडेआठला त्याच ओळखीच्या आवाजात ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे’ हे ऐकू आले, की परक्या खोलीतला पंखासुद्धा घरचा वाटू लागतो. मात्र त्यासाठी डेटा लागतो.

गेल्या एप्रिलमध्ये आतेभावाच्या मुलीचे लग्न गोव्यात होते. आम्ही मांडवी एक्सप्रेसने निघालो आणि पनवेल सोडण्याच्या आतच भाच्यांनी, ‘मामा, जरा हॉटस्पॉट दे ना,’ म्हणून फोन ताब्यात घेतला. कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी आत शिरली की रेंज जाते, मुले कुरकुरतात आणि पलीकडे उजेड दिसताच तोच व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होतो. मडगावला उतरलो तेव्हा माझा दिवसाचा दोन जीबी संपून वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर आलेला होता. या वेगात एखादा मजकूर सरकतो, मीटिंग सरकत नाही. आम्ही मंडळी न पिण्याचा निश्चय फक्त आजच्या दिवसापुरता करतो. कंपनीने डेटाच्या बाबतीत हेच धोरण ठेवलेले आहे आणि आजचा संपला की रात्री बारापर्यंत धीर धरावा लागतो. जादा डेटाची पुडी घ्यावी, तर पैसे भरण्याचे पानच उघडेना.

संध्याकाळी हिरवळीवर पाहुण्यांचे स्वागत झाले. एप्रिल म्हणजे उर्राकचा हंगाम. काजूच्या बोंडांचा रस एकदा गाळला की उर्राक आणि पुन्हा गाळला की फेणी, हे ज्ञान मला नको त्या काळात भरपूर मिळालेले आहे. घरच्यांना माझे ठाऊक असल्यामुळे मी जवळ गेलो की दोन-तीन ग्लास हळूच खुर्चीमागे जात, आणि ते आग्रहापेक्षा अधिक अवघड वाटे. सव्वाआठला मी खोलीकडे निघालो. वाटेत रिसेप्शनवरच्या मुलाला वायफायबद्दल विचारले, तर तो अगत्याने म्हणाला, “सर, खोलीत कमी येतो, पण बार काउंटरपाशी फुल मिळेल.”

मी गेलो, हे कबूल करायला हवे. मीटिंग झटक्यात उघडली. कुणाचे छत, कुणाचा चष्मा, कुणाच्या घरचा कुकर, सगळे लख्ख. माझ्या डोक्यामागे बाटल्यांची पूर्ण फळी दिसत असल्याचे लक्षात आल्यावर मी कॅमेरा घाईघाईने बंद केला. शेजारी कुणीतरी उर्राक मागवली होती. तिच्यात हिरवी मिरची उभी चिरून टाकलेली होती, काठावर लिंबाची फोड होती आणि ग्लासावरचे दवाचे थेंब खाली ओघळत होते. बारमनने माझ्यासमोर पुठ्ठ्याची चकती ठेवून, “काय देऊ?” असे विचारले. मी सोडा म्हणालो, पण ‘सोडा’ म्हणण्यापूर्वी जो क्षण गेला तो मला आवडला नाही. सोड्याची वाट न पाहता उठलो.

जिना चढताना मला अमेरिकेतले अ‍ॅक्रन गाव आठवले. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्यातले काम फसल्यामुळे तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकटाच येरझाऱ्या घालत होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका टोकाला बारचा गलबला होता आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोनशेजारी चर्चची यादी लावलेली होती. तो टेलिफोनकडे वळला, एकामागून एक नंबर फिरवत राहिला, आणि त्यातूनच दुसऱ्या दिवशी त्याची, दारूच्याच विळख्यात अडकलेल्या डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. बसले सहा तास. त्या बैठकीतूनच पुढे आमची संघटना उभी राहिली. आमच्यात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते, की मी तिची मनातल्या मनात उजळणी करत खोलीत पोहोचलो आणि पुन्हा गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसलो.

शेवटी, त्या रखडत्या वेगात जेवढे जाईल तेवढे जावे म्हणून, माझ्या स्पॉन्सरना, म्हणजे संघटनेतल्या माझ्या पाठीराख्या ज्येष्ठ सदस्यांना, दोन ओळी लिहिल्या. हे गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले आहेत. मिनिटाभरात त्यांचाच फोन आला.

“जेवलास का?”

“नाही अजून.”

“मग आधी जेव. बोलतोयस कशावरून?”

“फोनवरून.”

“मग डेटा कशाला हवा होता रे? नंबर लावता येत नाही?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. चित्र दिसल्याशिवाय संपर्क झाला असे वाटेनासे झाले होते, आणि नंबर लावण्याचे तर डोक्यातही आले नव्हते. खोलीतली एकच दांडी रेंज त्यांच्या आवाजाला पुरली. त्यांनी मला उपदेश केला नाही. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट कसा अडकला आणि प्लंबरने तीनदा कसे चकवले, हे पंचवीस मिनिटे सविस्तर सांगितले आणि मीही मधून मधून प्रश्न विचारले. मग खाली जाऊन वरण-भात आणि सोलकढी घेतली. परत आलो तेव्हा पावणेअकरा झाले होते.

बारा वाजता दोन जीबी पुन्हा जमा झाल्याचा संदेश आला. पाठोपाठ भाच्याचा मेसेज: मामा, जागा आहेस का? हॉटस्पॉट चालू कर ना.