थंडीत गाल उलतात, कोणतं क्रीम लावू?

दिवाळी सरली की हाच प्रश्न: "ताई, चेहरा चरचरतो, गाल उललेत, कोणतं क्रीम लावू?" तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगते. क्रीमचं नाव मात्र सांगणार नाही.

धुळे-जळगावची थंडी कोरडी. त्यात बोअरचं जड पाणी, तेही कढत, वर साबण. त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ५, साबणाचा ९-१०. पेशींना सांधणारी चरबी धुऊन जाते, आतलं पाणी उडतं, मग साधं पाणीही झोंबतं. म्हणून कोमट पाणी घ्या, चेहऱ्याला साबण नको. टॉवेलने नुसतं टिपा. चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर लावा. बेसन-लिंबू बंद. भरीत पार्टीत पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळापासून लांब बसा.

खोबरेलाचं म्हणाल, तर ते सगळ्यांनाच चालतं असं मीही पूर्वी म्हणायचे. आता नाही म्हणत. नाकाच्या कडेला, भुवयांत पिवळट तेलकट पापुद्रे असतील तर तिथली बुरशी तेलावर पोसते. तिथे केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लागतं. नुसत्या कोरड्या गालांना मात्र खोबरेल वाईट, असंही म्हणवत नाही.

खरं बोलायचंय ते मैत्रिणीने दिलेल्या 'गोरं करणाऱ्या' ट्यूबबद्दल. त्यात बहुतेकदा मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, लाली दोन दिवसांत जाते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा, पुटकुळ्या, हनुवटीवर लव. बंद करावी तर थोड्याच दिवसांत चेहरा लालबुंद होतो, सुजतो, आग आग होते. ऊन सोसवत नाही, चुलीपुढे बसवत नाही. घरचे विचारतात, काय लावलंस? बाई घाबरून तीच ट्यूब पुन्हा लावते, आग निवते आणि ती म्हणते, "मला हीच सोसते." तिला दोष कसा देऊ? तिच्या डोळ्यांसमोर ट्यूबच जिंकलेली असते. २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला, तरी मिळतातच.

एकदम सोडायची की हळूहळू, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. ते किती महिने लावलं, किती तीव्र होतं, यावर ठरतं. चेहरा शांत व्हायलाही कित्येक महिने लागतात. तेव्हा नवीन नाव विचारण्याआधी हातातल्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन (हेही स्टेरॉइडच) दिसलं, तर ती ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.